दुकानासमोर स्टँडी ठेवण्याआधी

नाशिकचा कॉलेज रोड असो वा मेन रोड, फूटपाथ दुकानाचा नसतो. तिथे सुटा बोर्ड किंवा स्टँडी (जाहिरातीचा उभा फलक) ठेवायची तर आधी महापालिकेची परवानगी घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २३१ वाचाच: रस्त्यात अडथळा ठरणारी वस्तू आयुक्त नोटीस न देताही उचलू शकतात. संध्याकाळी आत घेतो, ही सबब तिथे चालत नाही. चौकशी महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात करा. जागेचा फोटो आणि बोर्डाचं माप सोबत न्या. तोवर बोर्ड स्वतःच्या ओट्यावरच बरा. रविवार कारंजासारख्या गर्दीत काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना बोर्डामुळे रस्त्यावर उतरावं लागतं, हे मला फार खटकतं. दुकानाच्या नामफलकावर मात्र मराठी नाव आधी, आणि अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत.