पोर्शे ९११चं स्टिअरिंग जड झालंय? आधी तेल बघा

९९६ आणि ९९७ (हे ९११च्या पिढ्यांचे पोर्शेचे क्रमांक) या पिढ्यांच्या गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग आहे, ९९१पासून इलेक्ट्रिक. आपली कोणती, ते आधी ठरवा.

हायड्रॉलिकमध्ये वळताना घूंऽऽ असा आवाज आला तर टाकीचं झाकण उघडा. तेलावर साबणासारखा फेस दिसला तर हवा शिरलीय; बहुतेकदा तेल कमी किंवा परतीच्या होजचा क्लॅम्प सैल. तेल हिरवं, पेंटोसिन सीएचएफ ११एस. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधलं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतू देऊ नका, सील जातात आणि मग रॅकचा, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेचा, खर्च बसतो.

गळती थांबवल्यावर हवा काढा: पुढची चाकं जॅकस्टँडवर, इंजिन बंद, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा. पातळी उतरेल तसं तेल भरा. नंतर इंजिन चालू करून पुन्हा फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो.

इलेक्ट्रिकमध्ये पहिला संशय बॅटरीवर. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मुंबईत हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर रॅकचे कनेक्टर उघडून हिरवट गंज शोधा. रॅक बदलल्यास कोडिंग (नवा रॅक गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं) आणि व्हील अलाइनमेंट लागतंच.