मल्टिप्रोसेसिंगमध्ये सामायिक व्हेरिएबल वापरताना या चुका टाळा

इंदूरच्या एखाद्या मराठी ग्रंथालयाने आपल्या जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरवल्या आहेत आणि त्या फाइलींतील मराठी पुस्तकांची मोजणी पायथनच्या चार प्रोसेसकडून, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार स्वतंत्र प्रोग्रामकडून (मल्टिप्रोसेसिंग), करून घ्यायची आहे, असे समजू. प्रोग्राम लिहिणारा वरच्या बाजूला ‘एकूण’ नावाचे ग्लोबल व्हेरिएबल ठेवतो आणि प्रत्येक प्रोसेस त्यात भर घालते. एररही येत नाही, आणि शेवटी स्क्रीनवर शून्य उमटते.

थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांची, सवय झालेल्यांकडून ही चूक हमखास होते. थ्रेड एकाच मेमरीत वावरतात, प्रोसेसची मेमरी मात्र स्वतंत्र असते. प्रोसेस सुरू करण्याच्या फोर्क पद्धतीत नव्या प्रोसेसला जुन्या मूल्यांची प्रत मिळते, तर स्पॉन पद्धतीत नवा इंटरप्रिटर सुरू होऊन तुमची फाइल पुन्हा इम्पोर्ट होते. दोन्हींत तिथे केलेला बदल मूळ प्रोसेसपर्यंत पोहोचत नाही. विंडोजवर स्पॉनच चालते, मॅकवर पायथन ३.८ पासून तेच ठरलेले आहे, आणि लिनक्सवर ३.१४ पासून फोर्कची जागा फोर्कसर्व्हरने (वेगळ्या सर्व्हर प्रोसेसमधून नव्या प्रोसेस सुरू करण्याची पद्धत) घेतली आहे. त्यामुळे कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये सुरळीत चाललेला प्रोग्राम घरच्या विंडोजवर रनटाइम एरर देऊ लागला, तर प्रोसेस सुरू करणारा भाग ‘मेन’च्या अटीखाली (if __name__ == "__main__") घेतला आहे की नाही, हे आधी पाहावे.

मोजणी शून्य राहण्यावर उपाय म्हणून ‘व्हॅल्यू’, म्हणजे सर्व प्रोसेसना दिसणारे सामायिक मूल्य, वापरली जाते आणि तिथे अधिक फसवी चूक होते. व्हॅल्यूसोबत लॉक (एका वेळी एकाच प्रोसेसला आत येऊ देणारे कुलूप) येतो, म्हणून तिच्यात एक मिळवणे सुरक्षित आहे, असा समज असतो. प्रत्यक्षात मूल्य वाचताना लॉक लागून सुटतो आणि लिहिताना पुन्हा लागतो. मधली फट उघडीच राहते. पहिल्या प्रोसेसने ४१ वाचले, तिने ४२ लिहिण्याआधीच दुसरीनेही ४१ वाचले, की दोघीही ४२ लिहितात आणि एक पुस्तक हिशेबातून गळते. चाचणीच्या लहान फाइलींवर हे बहुधा दिसत नाही, म्हणूनच ते त्रासदायक ठरते. वाचणे, वाढवणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे ‘विथ’ ब्लॉकमध्ये, त्या व्हॅल्यूच्या ‘गेट लॉक’खाली एकत्र करावीत.

हीच व्हॅल्यू पूलच्या (ठरावीक प्रोसेसच्या गटाच्या) ‘मॅप’ला, म्हणजे कामे त्या प्रोसेसमध्ये वाटून निकाल परत देणाऱ्या फंक्शनला, आर्ग्युमेंट म्हणून दिली, तर रनटाइम एरर येते, ती पूल तयार करतानाच ‘इनिशियलायझर’मधून द्यावी लागते.

मॅनेजरच्या (सामायिक डेटा स्वतःकडे ठेवणाऱ्या वेगळ्या प्रोसेसच्या) डिक्शनरीत साधी लिस्ट ठेवून तिला थेट अपेंड केल्यास बदल जागच्या जागी विरतो, कारण हाती आलेली लिस्ट ही प्रतच असते. ती वेगळी काढून, बदलून पुन्हा त्याच कीवर ठेवावी. मॅनेजर सोयीचा आहे, पण प्रत्येक वाचन-लेखन दुसऱ्या प्रोसेसमार्फत होत असल्याने मोठ्या मोजणीसाठी तो संथ पडतो.

प्रोग्राम न संपता अडकून पडत असेल, तर क्यू (प्रोसेसमध्ये डेटा पाठवण्याची रांग) रिकामी करण्याआधीच ‘जॉइन’ केले, म्हणजे प्रोसेस संपण्याची वाट पाहायला सुरुवात केली आहे का, ते तपासावे. क्यूमध्ये टाकलेला माल पाइपमधून पुढे गेल्याशिवाय ती प्रोसेस बंद होत नाही आणि मूळ प्रोसेस तिच्या संपण्याची वाट पाहत राहते.

तरी ग्रंथालयाच्या या मोजणीसाठी माझ्या मते यांपैकी काहीच लागत नाही. प्रत्येक प्रोसेसने आपल्या फाइलींतील पुस्तकांची संख्या रिटर्न करावी आणि ‘मॅप’कडून आलेल्या संख्यांची बेरीज मूळ प्रोसेसने करावी.