आवर्तसारणी पाठ करू नका, मांडून बघा

शाळेत मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. आवर्तसारणीचा धडा आला की मुलं पहिली वीस मूलद्रव्यं घोकायला लागतात. घोकलेलं परीक्षेपर्यंत टिकतं, पण सोडियम लिथियमच्याच खाली का, असं विचारलं की वर्ग गप्प. म्हणून मी तयार तक्ता भिंतीवर लावतच नाही, आधी पत्ते मांडायला लावते. घरी एकट्यालाही हे सहज जमतं.

जाड कागदाचे पत्ते कापा. प्रत्येकावर तीनच गोष्टी लिहा: नाव, अणुवस्तुमान एका दशांश स्थळापर्यंत, आणि त्या मूलद्रव्याचा एक अणू हायड्रोजनचे किती अणू धरतो तो आकडा. धातू असेल तर हायड्रोजनऐवजी क्लोरीनचे अणू मोजा. अणुअंक, म्हणजे सारणीतला मूलद्रव्याचा क्रमांक, लिहू नका. मुलांना मोह होतो, पण तो लिहिला की शोधण्यासारखं काही उरत नाही.

सुरुवातीला हे पत्ते घ्या: लिथियम ६.९, बेरिलियम ९.०, बोरॉन १०.८, कार्बन १२.०, नायट्रोजन १४.०, ऑक्सिजन १६.०, फ्लुओरिन १९.०, सोडियम २३.०, मॅग्नेशियम २४.३, ॲल्युमिनियम २७.०, सिलिकॉन २८.१, फॉस्फरस ३१.०, गंधक ३२.१, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९.१, कॅल्शियम ४०.१, आर्सेनिक ७४.९, सेलेनियम ७९.०, ब्रोमीन ७९.९. हायड्रोजन बाजूला ठेवा. निष्क्रिय वायू, म्हणजे सहसा कशाशीच संयोग न करणारे वायू, तेही आत्ता नकोत.

आता वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने एकच लांब ओळ लावा आणि तिसरा आकडा मोठ्याने वाचत जा. एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. पुन्हा एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. जिथे दोन 'एक' शेजारी आले, तिथे ओळ तोडा आणि पुढचे पत्ते खाली घ्या. लिथियमखाली सोडियम, त्याखाली पोटॅशियम आपोआप येतं. तिघंही मऊ धातू, तिघंही पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतात. उभा स्तंभ म्हणजे गण, आडवी ओळ म्हणजे आवर्तन. व्याख्या आता सांगितली तरी चालते, कारण ती समोर दिसते आहे.

खरी मजा तिसऱ्या ओळीत आहे. कॅल्शियमनंतर आर्सेनिक हातात येतं. त्याचा आकडा तीन, म्हणून पुष्कळ जण ते ॲल्युमिनियमखाली ठेवतात. लगेच सेलेनियमचा दोन सिलिकॉनच्या चाराखाली येतो आणि सगळं बिघडतं. इथे घाईने उत्तर सांगू नका, पत्ते सरकवू द्या. आर्सेनिक फॉस्फरसखाली गेलं की सेलेनियम गंधकाखाली आणि ब्रोमीन क्लोरीनखाली अचूक बसतं. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनखालच्या दोन जागा मात्र रिकाम्या राहतात.

त्या रिकाम्याच ठेवा. १८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने आपली सारणी मांडताना हेच धाडस केलं. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती आणि तरी त्याने न सापडलेल्यांसाठी जागा सोडल्या. सिलिकॉनखालच्या जागेचं वस्तुमान तुम्हीही काढून बघा: वरचं सिलिकॉन २८.१, त्याच स्तंभात खाली येणारं कथिल ११८.७, सरासरी ७३.४. मेंडेलीव्हने ७२ म्हटलं होतं आणि घनता ५.५ (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर). १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंकलरला या जागेचं मूलद्रव्य, जर्मेनियम, सापडलं. आजचे आकडे ७२.६ आणि ५.३. दुसऱ्या जागेवरचं गॅलियम १८७५ मध्येच मिळालं होतं. ते शोधणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्वाबोद्राँने घनता ४.७ दिली, मेंडेलीव्हने कळवलं की ती ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना पुन्हा शुद्ध करून मोजल्यावर ५.९ आली. ज्याने तो धातू पाहिलाही नव्हता, त्याचा आकडा बरोबर ठरला! हा प्रसंग सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो.

आता बाजूला ठेवलेल्या निष्क्रिय वायूंपैकी हेलियम ४.०, निऑन २०.२ आणि अरगॉन ३९.९ हे पत्ते करा. आकडा शून्य. हेलियम लिथियमच्या आधी जातं, निऑन फ्लुओरिन आणि सोडियमच्या मध्ये. अरगॉन मात्र वस्तुमानाने पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या मध्ये घुसतं आणि स्तंभ मोडतो. म्हणजे वस्तुमान हा खरा क्रम नव्हेच. आयोडीन-टेल्युरियमच्या जोडीतही हीच अडचण होती आणि मेंडेलीव्हने तिथे गुणधर्मांना मान दिला. खुलासा १९१३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने क्ष-किरणांच्या प्रयोगांतून केला: क्रम ठरतो तो केंद्रकातल्या धनप्रभारावरून, म्हणजे अणुअंकावरून. अरगॉन १८, पोटॅशियम १९.

आता पत्त्यांवर अणुअंक लिहा, आणि खाली इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतल्या कवचापासून बाहेरच्या कवचापर्यंत प्रत्येकात किती इलेक्ट्रॉन आहेत ते: लिथियम २,१, सोडियम २,८,१, पोटॅशियम २,८,८,१. गण एकच का, ते शेवटच्या आकड्यात दिसेल. हायड्रोजनचा पत्ताही आता लिथियमच्या वर ठेवा. तो धातू नाही, तेव्हा ही जागा फक्त एका इलेक्ट्रॉनच्या जोरावर आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

शेवटी कॅल्शियमच्या २० पासून आर्सेनिकच्या ३३ पर्यंत मोजा. मधले बारा अंक गहाळ आहेत. ३१ आणि ३२ आपल्या रिकाम्या जागांचे. उरलेले दहा, स्कँडियमपासून जस्तापर्यंत, सारणीच्या मधल्या भागातल्या धातूंचे, म्हणजे संक्रमण मूलद्रव्यांचे. त्यांच्यासाठी कॅल्शियमनंतर दहा स्तंभांची जागा करा. छापील तक्त्यात तळाशी वेगळ्या दाखवलेल्या लँथनाइड आणि ॲक्टिनाइड मूलद्रव्यांच्या दोन ओळींना, ही मांडणी न बघता करता येईपर्यंत हात लावू नका.