गाडीचे मॅन्युअल न वाचल्यामुळे होणाऱ्या या चुका टाळा

नवी गाडी ताब्यात देताना विक्रेता पंधरा-वीस मिनिटांत सगळी बटणे दाखवतो, आपण माना डोलावतो आणि मॅन्युअल विम्याच्या कागदांसोबत ग्लव्ह बॉक्समध्ये जाऊन पडते. ते पुन्हा हातात येते ते डॅशबोर्डवर अनोळखी दिवा लागल्यावर, बहुधा रस्त्याच्या कडेला आणि अंधारात. या अडचणीत नवशिक्यांपेक्षा जुने चालक अधिक सापडतात, असे माझे निरीक्षण आहे. वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला पुस्तक उघडणे कमीपणाचे वाटते.

काही जण उत्साहाने पहिल्या पानापासून वाचायला बसतात आणि विसाव्या पानावर कंटाळतात. यात दोष निम्मा पुस्तकाचाही आहे. एकच मॅन्युअल त्या मॉडेलच्या सगळ्या प्रकारांसाठी छापलेले असते, त्यामुळे त्यातली बरीच उपकरणे तुमच्या गाडीत नसतातच, आणि जी असतात त्यांच्याभोवती इशाऱ्यांच्या चौकटींची गर्दी असते. म्हणून गाडी उभी करून चालकाच्या जागेवर बसावे, हाती पेन्सिल घ्यावी आणि आपल्या गाडीला लागू नसलेले परिच्छेद सरळ खोडून टाकावेत. इशाऱ्याचे दिवे, टायर, किल्ली, टोइंग (बंद गाडी ओढून नेणे) आणि सर्व्हिसचे वेळापत्रक एवढे भाग वाचले, तरी पहिल्या दिवसाचे काम झाले.

टायरमधील हवेबाबतची चूक सर्वांत जास्त आढळते. टायरच्या बाजूवर कोरलेला दाबाचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तुमच्या गाडीसाठी योग्य असलेला दाब मॅन्युअलमध्ये आणि बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर दिलेला असतो. मी स्वतः पहिल्या गाडीत टायरवरचाच आकडा बराच काळ प्रमाण मानला होता. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी अनेकदा वेगळा, वाढीव दाब सांगितलेला असतो. मोजणी टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान ३ तास उभी राहिल्यानंतर करावी. लांबच्या प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर दाब कमी पडतो.

दिव्यांचा रंग आधी पाहावा. लाल दिवा लागला की सुरक्षित जागी लगेच थांबायचे, पिवळा किंवा नारिंगी लागला की लवकर तपासणी करून घ्यायची. तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह तेलाची पातळी नव्हे, तर दाब घसरल्याचे सांगते. ‘घर जवळच आहे’ म्हणून पुढे गेल्यास काही मिनिटांत इंजिनचे बेअरिंग खराब होऊ शकतात, म्हणून तिथेच इंजिन बंद करावे. तापमानाचा लाल दिवा लागल्यावरही इंजिन बंदच करावे, मात्र ते गरम असताना कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, झाकण उघडू नये, कारण आतला दाबाखालचा उकळता द्रव अंगावर उसळतो.

चेक इंजिनचा पिवळा दिवा मात्र दोन प्रकारे बोलतो. तो स्थिर असेल तर पेट्रोल गाडीत इंधन टाकीचे झाकण सैल राहिले नाही ना, हे आधी पाहावे. झाकण घट्ट केल्यावरही दिवा विझायला काही फेऱ्या लागू शकतात. तोच दिवा लुकलुकत असेल तर सहसा इंजिन मिसफायर करत असते, म्हणजे त्यात इंधन नीट जळत नसते, आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन त्याला तापवत असते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून हळू व्हावे आणि जमेल तितक्या लवकर थांबावे, नाहीतर किरकोळ स्पार्क प्लगच्या कामाचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या किल्लीतील सेल संपला की अनेकांना वाटते, गाडीच बंद पडली. बहुतेक अशा किल्ल्यांच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडते. मग गाडी सुरू करण्यासाठी किल्ली ठरावीक जागी धरावी लागते: काही गाड्यांत स्टार्ट बटणाला चिकटवून, काहींत एखाद्या खाचेत. ती जागा अंदाजाने सापडत नाही, पुस्तकात असते.

टोइंगचे पानही संकटापूर्वीच वाचायला हवे. ऑटोमॅटिक किंवा चारही चाकांना शक्ती देणारी गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्सला इजा होऊ शकते. अनेकदा ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते.

सर्व्हिसच्या तक्त्यात किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. कमी गाडी चालवणारे नेमके हेच विसरतात. शिवाय धूळ, सततची कोंडी आणि इंजिन गरम होण्याआधीच संपणाऱ्या छोट्या फेऱ्या यांसाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो. आपला वापर साधा आहे असे ठरवण्यापूर्वी तो पाहावा.

हल्ली काही गाड्यांत छापील पुस्तक मिळतच नाही, मॅन्युअल पडद्यावर असते. बॅटरी उतरली की तो पडदाही काळा होतो, आणि जम्प स्टार्टच्या (दुसऱ्या बॅटरीच्या मदतीने गाडी सुरू करण्याच्या) तारा कुठे जोडायच्या हे नेमके त्याच वेळी पाहायचे असते. त्याची पीडीएफ प्रत फोनमध्ये आजच उतरवून ठेवा, इंटरनेटशिवाय उघडते का हेही तपासा.