गेममधली हत्यारं कोडनं घडवताय? या चुका टाळा

समजा, तुमचा गेम जागलीचा आहे. यवतमाळकडचं हरभऱ्याचं वावर, मचाणावर एक गडी, खाली रानडुकरं, आणि हाती येणारं प्रत्येक हत्यार कोडनं तेव्हाच्या तेव्हा घडवलेलं. 'डायब्लो' या गेमनं १९९० च्या दशकात नावाला मागेपुढे गुण जोडून हेच केलं, 'बॉर्डरलँड्स'नं २००९ मध्ये नळी, मूठ, दस्ता जुळवून बंदुका बनवल्या.

मराठीत गेम करणाऱ्याला पहिली ठेच नावातच लागते. इंग्रजी गेमचा कोड उचलला की स्क्रीनवर 'जुना कुऱ्हाड' उमटतं, आणि आपले पोट्टे गेम तिथंच बंद करतात. म्हणून प्रत्येक हत्याराच्या नोंदीत लिंग लिहा: विळा पुल्लिंगी, कुऱ्हाड स्त्रीलिंगी, फावडं नपुंसकलिंगी. विशेषणाची तिन्ही रूपं तक्त्यात ठेवा: जुना, जुनी, जुनं. 'धारदार', 'जड', 'पोलादी' कुठंही बसतात, पण तेवढ्यावर भागवू नका. 'लोहाराची कुऱ्हाड', 'डोहातला विळा' अशा नावांतच आपला मुलूख दिसतो. तेवढी मेहनत घ्याच.

दुसरी चूक गुणाकाराची. मार ५० टक्के जास्त आणि वेग ५० टक्के जास्त, दोन्ही एकाच कुऱ्हाडीवर पडले तर ताकद दुप्पट नाही, सव्वादोनपट होते. हत्याराला आधी ठरावीक पॉइंट द्या आणि प्रत्येक गुणाची किंमत त्यातून वळती करा.

'दुर्मीळ गोफण मिळायची शक्यता १ टक्का' असं लिहून मोकळं होऊ नका. शंभर डुकरं हाकलूनही शंभरातल्या साधारण ३७ खेळाडूंना ती मिळणार नाही. प्रत्येक रिकाम्या खेपेला शक्यता थोडी वाढवा, मिळाली की पुन्हा मूळ आकड्यावर आणा.

अपडेटनंतर जुनी हत्यारं बदलली अशी तक्रार आली, तर सेव्ह फाईल बघा. तिच्यात नुसता सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून कोड हत्यार घडवतो तो आकडा असेल, तर तक्त्यात एक ओळ वाढली तरी त्याच सीडमधून वेगळंच हत्यार निघतं. तयार हत्यारच सेव्ह करा. सीड सोबत राहू द्या, बिघाड पुन्हा घडवून बघायला तो लागतोच.

गेम बाहेर देण्याआधी एका फटक्यात दहा हजार हत्यारं काढा, एक्सेलमध्ये ताकदीनुसार लावा आणि वरची वीस, खालची वीस नावासकट वाचा.