पाऊस सरताना मधपेट्यांची निगा : ठाणे, नवी मुंबईच्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

घटस्थापनेच्या आसपास मुरबाड-शहापूरकडच्या वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीवर खुरासणी हे तेलबियांचे पीक फुलते. खुरासणीला स्वतःच्या परागावर दाणा नीट धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि तो मुख्यतः मधमाश्याच आणून देतात. माश्यांनाही तिची तितकीच गरज असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे धो धो पाऊस, फुलोरा तुटपुंजा आणि बाहेर पडायला उघडीप नाही. त्यामुळे आश्विनात पेटी उघडली की वसाहत बहुधा रोडावलेलीच दिसते. आता पंधरा-वीस दिवस नीट लक्ष दिले तर हीच वसाहत जानेवारीत काकडी-कारल्याच्या मांडवाखाली कामाला येते. मध मिळेल तेवढा मिळेल. ठाणे जिल्ह्यातल्या भाजीवाल्या शेतकऱ्याने पेटी ठेवायची ती आधी परागीकरणासाठी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सातेरी या देशी पाळीव माशीच्या पेटीमागे वर्षाला पाच-सहा किलो मध निघाला तरी समाधान मानावे.

माशी सातेरीच घ्या. मेलिफेरा ही परदेशी माशी मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागे पेट्या हलवत फिरावे लागते आणि कोकणच्या पावसाळ्यात साखर खाऊ घालता घालता हिशेब उलटा पडतो. चार-सहा पेट्यांच्या शेतकऱ्याला हा व्याप झेपत नाही.

उघडिपीच्या दिवशी, ऊन पडल्यावर पेटी तपासा. पहिल्यांदा तळपाट, म्हणजे पेटीची तळाची फळी, काढून खरवडून घ्या. ओला कचरा आणि मेणाचा चुरा साचला की तिथे मेणकिडा, म्हणजे पोळ्याचे मेण खाणारी अळी, लागतो. पोळ्यात पांढऱ्या जाळ्यांचे बोगदे दिसले तर तेवढे पोळे कापून जाळून टाका. जुनी काळी पडलेली पोळी, ज्यांवर माश्या बसतच नाहीत, तीही काढा, कारण किडा सुरुवात तिथूनच करतो. मग राणी शोधा. ती दिसली नाही तरी पोळ्याच्या घरांत ताजी अंडी असली म्हणजे राणी आहे असे समजा. अंडी नाहीत, माश्या जेमतेम दोन चौकटींवर, अशी बिनराणीची वसाहत हिवाळ्यापर्यंत ओढत नेण्यात अर्थ नाही. संध्याकाळी ती वसाहत राणी असलेल्या दुसऱ्या वसाहतीवर ठेवा, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून त्याला चार बारीक भोके पाडा. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो आणि मारामारी टळते.

खाद्य द्यायचे तर साखर आणि पाणी समप्रमाणात, उकळून गार केलेले. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. पाक पेटीच्या आतच ठेवा, तोही दिवेलागणीनंतर. बाहेर सांडला तर शेजारच्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी पेटी दोन दिवसांत रिकामी होते. खुरासणी भरात आली की पाक बंद. मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, चढवल्यावर साखर दिली तर तो मध राहत नाही, भेसळ होते.

स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायला आळस करू नका, मुंग्यांनी एका रात्रीत पेटी संपवल्याची उदाहरणे जागोजागी आहेत. गांधीलमाश्या याच दिवसांत वाढतात. त्यांना रोखायला पेटीचे दार एक-दोन मधमाश्या जातील इतकेच ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात पेटीवर सावली हवी आणि जवळ उथळ भांड्यात पाणी हवे, त्यात माश्यांना बसायला खडे टाकावेत.

आता फवारणीचे. आमच्या अनुभवात कीड, मुंग्या, गांधीलमाश्या यांनी मिळून जेवढ्या पेट्या जात नसतील तेवढ्या औषधाने जातात. भेंडी, काकडी, कारले, घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात आणि माश्यांचे बहुतेक काम दुपारपर्यंत आटोपते. या पिकांवर फवारायचेच तर सूर्य कलल्यावर फवारा. दुधी, दोडका, पडवळ यांची गोष्ट वेगळी. त्यांची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा ‘संध्याकाळी फवारा’ हा सरसकट सल्ला तिथे लागू पडत नाही. अंधार पडायच्या आत ताजी फुले भिजणार नाहीत अशा बेताने, उन्हं कमी होताच काम उरका. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधे मधमाश्यांना फार विषारी, फुलोऱ्यात ती नकोतच. तुडतुड्यांवर सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्काने भागते का ते पाहा. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, माशी बांध ओळखत नाही.

पेटी पिकात नेण्याची वेळ महत्त्वाची. शेतात पाच-दहा टक्के झाडांना फुले लागली की न्या. त्याआधी नेली तर माश्या आसपासच्या दुसऱ्याच फुलांवर सवय लावून घेतात. सातेरीच्या एकरी दोन पेट्या पुरतात. हलवायची ती रात्री, दार बंद करून.

शहरातल्यांसाठी वेगळी सूचना. ठाणे-नवी मुंबईत पाऊस सरला की डेंग्यूच्या धास्तीने डासांसाठी धूरफवारणी होते. गच्चीवर किंवा परसात पेटी असेल तर प्रभाग कार्यालयाच्या मलेरिया विभागाकडून वेळ विचारून घ्या, त्या संध्याकाळी माश्या परतल्यावर दाराला बारीक जाळी लावा आणि पहाटे काढा. सोसायटीची लेखी संमती घेतल्याशिवाय गच्चीवर पेटी चढवू नका, कोणाला दंशाची ॲलर्जी आहे हेही आधी विचारा. दंशानंतर धाप लागली, ओठ-चेहरा सुजला तर हळद लावत बसू नका, तडक दवाखाना गाठा. इमारतीच्या सज्जाखाली लागलेले आग्याचे पोळे हा पाळण्याचा विषय नाही. त्याला धूर, दगड, फवारा काही करू नका. फुलोरा सरला की त्या माश्या आपणहून उठून जातात.

वसाहत रानातून आणायचा मोह अनेकांना होतो. वन कायदा १९२७ मध्ये मध आणि मेण वनोपजात मोडतात. तानसा अभयारण्यात किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर भागात परवानगीशिवाय पोळे काढणे गुन्हाच आहे. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क ज्या आदिवासी कुटुंबांना दिला आहे, त्यांची गोष्ट निराळी. इतरांनी वसाहत मधपाळाकडूनच घ्यावी आणि घेताना अंडी, पिलावा (वाढती अळ्या-कोष) व माश्यांनी भरलेल्या चौकट्या स्वतः डोळ्यांनी मोजून घ्याव्यात.

शिकायला महाबळेश्वरचे मधसंचालनालय आहे. ते राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मंडळाच्या मध केंद्र योजनेत साहित्यावर ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःचा हिस्सा असतो. वैयक्तिक मधपाळाला वय १८ वर्षे पूर्ण हवे आणि लिहिता-वाचता यायला हवे. केंद्रचालकाला दहावी आणि किमान एक एकर शेतजमीन, स्वतःची किंवा भाड्याची, अशी अट आहे. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करायचा. केंद्र सरकारच्या मधुक्रांती पोर्टलवरही मधपाळांची ऑनलाइन नोंदणी होते.

मध विकायचा असेल तर बाटली भरण्याआधी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करा. वार्षिक उलाढाल ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते. मधातले पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि आपल्या दमट हवेत हीच अडचण येते. चौकटीवरची तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका, नाहीतर बाटलीत फसफसून आंबतो. पिलाव्याच्या चौकटीतला मध काढायचा नाही, तो माश्यांचा.