कारखान्याची प्रमाणपत्रं सांभाळणाऱ्या नव्या माणसासाठी

कंप्लायन्सचं (कायदे-नियम पाळण्याचं) काम हाती आलं की सोबत एक एक्सेल शीट येते, प्रमाणपत्राचं नाव आणि मुदत. त्यात आधी दोन रकाने वाढवा: 'काम कधी सुरू करायचं' आणि 'हे नेमकं कोणत्या यंत्राचं'. मुदतीच्या दिवशी वाजणारा रिमाइंडर काहीच कामाचा नाही. कोटेशन, पीओ (खरेदीचा आदेश), एजन्सीची तारीख आणि साहेबांची सही यांत महिना सहज जातो.

दुसऱ्या रकान्याचं महत्त्व वजनकाट्यावर कळतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनाकडून (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून) फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी होते. लोखंडी वजनांची २४ महिन्यांनी. उशीर झाला तर प्रत्येक तिमाहीमागे मूळ शुल्काच्या निम्मं जादा शुल्क लागतं. पण खरी चूक मुदतीच्या आतच घडते. मार्चमध्ये स्टॅम्पिंग (तपासून शिक्का मारणं) झालं, ऑगस्टमध्ये लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) गेला, मेंटेनन्सने सील तोडून नवा बसवला. कागदावर मुदत पुढच्या मार्चपर्यंत दिसते, पण सील तुटलं त्या क्षणी त्या शिक्क्याला अर्थ उरला नाही. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यायची आणि काटा पुन्हा तपासून घ्यायचा. वे-ब्रिज (ट्रक तोलायचा काटा) उखडून दुसरीकडे बसवला तरी तेच. म्हणून महिन्यातून एकदा प्रमाणपत्रांची फाईल घेऊन शॉपफ्लोअरवर जा. सिरियल नंबर, क्षमता आणि सीलवरचा तिमाहीचा शिक्का (ए, बी, सी, डी आणि वर्ष) डोळ्यांनी ताडून बघा. मेंटेनन्सला बजावून ठेवा: सीलला हात लावण्याआधी फोन.

आगीच्या बाबतीत महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तपासणी डिसेंबर आणि जूनमध्येच उरकून घ्या. एजन्सीने पंप चालवून दाखवल्याशिवाय फॉर्म स्वीकारू नका. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली, पॅनेलचा स्विच 'मॅन्युअल'वर, हायड्रंटचा (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाचा) व्हॉल्व्ह जाम, हे नेहमीचे दोष. फॉर्मसाठी नव्हे, माणसांच्या जिवासाठी ते शोधायचे असतात.

प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात मुदतीखालचा तक्ता वाचा: उत्पादनाचं प्रमाण, सांडपाणी, धुराच्या चिमण्या. उत्पादन त्यापलीकडे गेलं तर मुदत शिल्लक असूनही अडचण होते. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र (फॉर्म ४) ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र (फॉर्म ५) ३० सप्टेंबरपर्यंत.

आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, पण दरवर्षी सर्व्हेलन्स (देखरेखीचं) ऑडिट असतं आणि पहिलं प्रमाणनाच्या निर्णयापासून १२ महिन्यांच्या आत व्हावं लागतं. रीसर्टिफिकेशन (नूतनीकरणाचं) ऑडिट मुदतीच्या तीन महिने आधी ठेवा. मेजर नॉन-कन्फॉर्मिटी (मोठी त्रुटी) निघाली तर सुधारणा करून ती तपासून घेण्यापर्यंतचं सगळं मुदत संपण्याआधी व्हायला हवं. मुदत उलटली तर सहा महिन्यांत राहिलेलं काम पुरं करून प्रमाणपत्र परत मिळवता येतं, पण मधल्या काळात ते चालू नसतं, आणि ग्राहकाचा ऑडिटर नेमका तोच काळ बघतो.

ऑनलाइन अर्जांसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीची मुदतही त्याच शीटमध्ये लिहा.